अजून एक ऊन

मार्च उजाडला की आमच्या घरात दोन वास एकदम शिरतात. एक जेवणाच्या टेबलावरून येतो, नववीच्या निबंधाच्या वह्यांचा. शाई, खडू, आणि डब्यातल्या लोणच्याचा एखादा डाग. दुसरा मागच्या अंगणातून येतो, उन्हात पडलेल्या राजेळी केळ्यांचा. पहिल्या दिवशी तो साधा पिकल्या केळ्यासारखाच असतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्यात गूळ मिसळल्यासारखं काहीतरी होतं, आणि मग मला वहीत लक्ष देणं कठीण जातं. लाल पेन हातात धरून मी खिडकीतून बाहेर बघत बसते. शाळेतली बाई म्हणून हे शोभत नाही, पण बघायला घरात आहे कोण!

यंदाही निबंधाचा विषय तोच दिलाय. ‘व्हिडिओ गेम : शाप की वरदान?’ गेली पंधरा वर्षं मी हा विषय देतेय आणि पंधरा वर्षं पोरं तेच लिहितायत. डोळे खराब होतात. अभ्यासावर परिणाम होतो. मैदानी खेळ ओस पडले. शेवटी एक म्हण, आणि तीही सगळ्यांची एकच. काय सांगू, बाईंना काय हवंय ते आमच्या तुळिंजच्या शाळेतल्या पोरांना बाईंपेक्षा जास्त ठाऊक असतं. बाकाखाली मोबाईलवर बोटं चालवत वर मान करून ‘शाप’ लिहितात, आणि मी दहापैकी आठ देते. सात-आठ वर्षांपूर्वीच्या एका मार्चपर्यंत मला त्यात काही खोटं वाटत नव्हतं.

त्या वर्षी माझी मुलगी गार्गी दहावीला होती. आणि अप्पांचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा, उजवा अंगठा मेलेला होता.

आधी अंगठ्याचं सांगते. आमच्या आगाशीत सुकेळी करणारी घरं आता फार उरली नाहीत, पण आमच्या बागायतीत अप्पांनी राजेळीच्या केळी हट्टाने राखल्या होत्या. पिकलेलं केळं सोलायचं, अंगणातल्या मांडवावर चटईवर ओळीने मांडायचं, दिवसभर ऊन खाऊ द्यायचं. संध्याकाळी दव पडायच्या आत एकूण एक उचलायचं, केळीच्या सुक्या पानांत गुंडाळून टोपलीत झाकायचं. सकाळी परत मांडायचं. असे दिवस मोजत नाहीत, उन्हं मोजतात. पाच उन्हं, सहा उन्हं, कधी सात. नेमकी किती, हे घड्याळ सांगत नाही की कॅलेंडर. ते अप्पांचा अंगठा सांगायचा. सुकेळ्याच्या पोटावर उजवा अंगठा ठेवून अलगद दाबायचे, डोळे मिटायचे, आणि म्हणायचे, ‘‘झालं.’’ नाहीतर, ‘‘अजून एक ऊन.’’ एक ऊन कमी पडलं तर आठवडाभरात बुरशी, एक जास्त झालं तर दात पडतील असा दगड. मी नालासोपाऱ्याच्या फ्लॅटमध्ये वाढलेली, माझ्या माहेरी सुकेळी दुकानातून पुडक्यात यायची. लग्न होऊन आले तेव्हा एक माणूस केळ्याची नाडी बघतो याचं मला हसूच आलं होतं.

त्या दिवाळीत अप्पांना अर्धांगाचा झटका आला. पाय दीड महिन्यात काठीवर आला, बोलणं सुधारलं. हात मात्र खांद्यापासून लोंबता, आणि अंगठा तर परक्याचा असावा तसा. विरारहून आठवड्यातून दोनदा फिजिओथेरपीवाली मुलगी यायची, प्राजक्ता नावाची. तिने एक पिवळा स्पंजचा चेंडू दिला, दिवसातून शंभरदा दाबा म्हणाली. अप्पांनी चेंडूकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

‘‘पोरी, माझं वय शहात्तर. आता चेंडू खेळू?’’

चेंडू खिडकीत पडून राहिला. मी रागावले, नवऱ्याने समजावलं, गार्गीने लाडीगोडी लावली. अप्पा ऐकून घ्यायचे आणि डाव्या हाताने वर्तमानपत्राचं पान उलटायचे. माझ्याशी बोलताना ते मला ‘बाय’ म्हणत. त्यांची घरची बोली माझ्या जिभेवर पंचवीस वर्षांत नीट वळली नाही, म्हणून त्यांचं बोलणं मी माझ्याच मराठीत लिहितेय. असते तर त्यांनी दुरुस्त केलं असतं. ‘‘बाय,’’ ते म्हणाले, ‘‘जे येणार नाही त्याची वाट बघायला लावू नका मला.’’ मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी आपटली.

आता गेमचं. माझ्या नणंदेने दुबईहून गार्गीसाठी टीव्हीला जोडायचा गेम आणला होता, दोन कंट्रोलरसकट. गाड्यांच्या शर्यतीचा. पोरगी दहावीत गेल्यापासून माझा त्या खोक्यावर डोळाच होता. ‘‘गार्गी, बंद कर,’’ म्हटलं की उत्तर ठरलेलं, ‘‘मम्मी, यार, ऑनलाइन आहे, पॉज नाही होत तो! समोर माणसं आहेत!’’ मला ते शुद्ध नाटक वाटायचं. आमटी गॅसवर असली तरी मला हाक मारली की मी येते ना? मग हिलाच काय थांबवता येत नाही! जानेवारीत मी दोन्ही कंट्रोलर उचलले आणि लपवले. कुठे? माळ्यावर, सुकेळीच्या रिकाम्या टोपलीत, केळीच्या सुक्या पानांत छान गुंडाळून. गार्गीला त्या चिकट कामाचा कंटाळा, ती टोपलीला हात लावणार नाही याची मला शंभर टक्के खात्री होती.

आगाशीच्या सुनेने टोपलीत वस्तू लपवावी आणि सुकेळीचा मोसम येतो हेच विसरावं, याला काय म्हणायचं!

फेब्रुवारीच्या सुरुवातीला घड पिकायला आले. शेजारच्या मंदाताई, ज्या दरवर्षी आमच्याकडे केळी सोलायला आणि मांडायला येतात, त्यांनी माळ्यावरून टोपल्या काढल्या आणि अप्पांसमोर ठेवल्या. मी शाळेत होते, नवरा ऑफिसात. पुढचं मला नंतर कळलं. अप्पांनी डाव्या हाताने पानं सोडवली आणि ओरडले, ‘‘अरे, यात चिंबोऱ्या कुणी ठेवल्या?’’ ती वस्तू हातात धरली की खरंच खेकड्यासारखी, दोन्हीकडे नांग्या. अभ्यासाच्या सुट्टीवर घरी असलेली माझी कन्या धावत आली. त्या दिवसापासून आमच्या घरात कंट्रोलरला चिंबोरी हेच नाव पडलं.

त्या गेममध्ये उजव्या अंगठ्याने एक बटण दाबून धरावं लागतं. दाबून धरलं तर गाडी पळते, सोडलं की थांबते. एवढंच. गार्गीने आजोबांच्या मांडीवर चिंबोरी ठेवली, त्यांचा उजवा अंगठा उचलून बटणावर ठेवला, त्यावर स्वतःचा अंगठा ठेवला आणि दाबला. ‘‘दाबा अप्पा. सोडू नका.’’

हे सगळं तीन आठवडे माझ्या पाठीमागे चाललं. सकाळी इतिहासाचे दोन धडे अप्पांना मोठ्याने वाचून दाखवायचे, मग एक शर्यत. भूगोलाचा नकाशा भरायचा, मग एक शर्यत. हा करार त्या दोघांचा. सुरुवातीला अप्पांची गाडी दोन हात जाऊन रस्त्याच्या मध्येच उभी राहायची. ती उभी राहिली की ते आजूबाजूची झाडं बघायचे आणि विचारायचे, ‘‘ही बागायत कोणाची गं? पाणी बरं मिळालंय.’’ कधी वळण चुकून गाडी उलट्या दिशेने निघायची. तेव्हा टीव्हीतून गार्गीच्या मैत्रिणीचा आवाज यायचा. ती पाचूबंदरची सिल्व्हिया, तिच्या घरून खेळायची. ‘‘आजोबा, उलटे कुठं चाललात? कोनी नाय तिकडं! थांबा, मी पानी पिऊन येते, तोवर वळवा.’’

एके दिवशी शाळा लवकर सुटली. फाटकातून आत येतानाच गार्गीचा आवाज ऐकला, ‘‘दाबा! दाबा अप्पा! सोडू नका!’’ मला वाटलं, चला, चेंडू सुरू झाला वाटतं, शहाणी गं माझी बाय. आत पाऊल टाकलं तर टीव्हीवर गाड्या, सोफ्यावर आजोबा-नात, आणि मराठीचं पुस्तक पालथं.

माझा तोल गेला. काय काय बोलले ते लिहीत नाही. ‘‘दहावी आहे! दहावी!’’ हे मात्र चार वेळा म्हटलं. अप्पांनाही सोडलं नाही. ‘‘तुम्ही तरी मोठे ना अप्पा?’’ गार्गी रडत म्हणत होती, ‘‘मम्मी, एकदा बघ तरी. अंगठा बघ त्यांचा.’’ मी बघितला नाही. दोन्ही चिंबोऱ्या शाळेच्या पिशवीत कोंबल्या आणि दुसऱ्या दिवशी स्टाफरूमच्या कपाटात, उत्तरपत्रिकांच्या खाली, कुलूप लावून ठेवल्या.

तो आठवडा मला आजही नकोसा वाटतो. घर शहाण्यासारखं वागत होतं. गार्गी पुस्तकासमोर बसायची, अप्पा खिडकीत. पहिली केळी मांडवावर पडली होती, पाच उन्हं खाऊन झाली होती. अप्पा काठी टेकत गेले, डाव्या अंगठ्याने दाबून पाहिलं, पुन्हा दाबलं. ‘‘या हाताला कळत नाही,’’ म्हणाले आणि परत फिरले. आम्ही अंदाजाने टोपलीत भरली. ती सुकेळी बाहेरून बरी आणि आतून ओली निघाली.

शुक्रवारी प्राजक्ता आली. हात हातात घेतला आणि तिचा चेहरा पडला. ‘‘काका, मागच्या आठवड्यात अंगठा छान दाबत होता की! मी खूश होऊन गेले होते. या आठवड्यात काय बंद केलंत?’’

अप्पा म्हणाले, ‘‘काही नाही.’’

गार्गीने मान खाली घातली. दोघांनी माझं नाव घेतलं नाही. एवढं बोलले होते मी, तरी एकानेही म्हटलं नाही की हिने बंद केलं. मला वाटलं जमीन दुभंगावी. मी उठले आणि प्राजक्ताला म्हटलं, ‘‘मी बंद केलंय. सोमवारपर्यंत सुरू होईल.’’ मग तिला सगळं सांगितलं. ती आधी हसली, मग गंभीर होऊन म्हणाली, ‘‘चालू ठेवा. पण अर्धा तास. मान वाकवून दोन-दोन तास नको, काका.’’ अप्पांनी आज्ञाधारक मुलासारखी मान हलवली. ती मान किती खोटी होती, ते पुढे कळलं.

सोमवारी मी डब्याच्या पिशवीतून दोन चिंबोऱ्या घरी आणल्या. नववीच्या पोरांना त्याच दिवशी ‘शाप की वरदान’ लिहायला दिलं होतं.

आणि मग, अहो, अप्पांना नाद लागला. साधासुधा नाही, चांगला सडकून. गार्गीचे पेपर सुरू व्हायच्या आठवड्यात ती खोलीत दार लावून बसलेली, आणि बाहेर आजोबा एकटेच शर्यतीत. चहा गार व्हायचा. जेवायला तीन हाका माराव्या लागायच्या. सिल्व्हिया परीक्षेमुळे येईनाशी झाली तर तिच्या धाकट्या बहिणीशी खेळायला लागले. प्राजक्ताने सांगितलेला अर्धा तास त्यांच्या हिशेबात कधी संपायचाच नाही. गार्गी मला म्हणाली, ‘‘मम्मी, अप्पांना कंट्रोल कर, फुल अ‍ॅडिक्ट झालेत.’’ हे मी कोणाच्या तोंडून ऐकत होते!

तेव्हाच दुसरा घाणा मांडवावर होता. निवडलेली राजेळी, चार उन्हं झालेली, रंग कसा सोन्यासारखा उतरलेला. त्या दुपारी गार्गीला गणिताच्या शंका विचारायला मी तुळिंजला माझ्या सहकारी बाईंकडे घेऊन गेले. अप्पांवर एकच काम सोपवलं. साडेपाचला कुंपणापाशी जाऊन मंदाताईंना हाक मारायची, त्या येऊन केळी उचलतील. हाक मारायची, बस्स.

आम्ही परतलो तेव्हा अंधारलं होतं. अंगणात पाय ठेवला आणि चपलेखाली गवत ओलं लागलं. मांडवावर सगळी केळी तशीच उघडी. हात लावला तर दवाने गार आणि बुळबुळीत. घरातून गाड्यांचा आवाज येत होता.

मी दारात उभी राहिले. अप्पांनी वर पाहिलं, मग माझ्या मागे अंगणाकडे पाहिलं, आणि चेहऱ्यावरचं रक्तच उतरलं. तोंडातून शब्द निघाले ते असे, ‘‘बाय, समोर माणसं होती. तो मध्येच थांबवता येत नाही.’’

हसावं की रडावं! मी मटकन पायरीवर बसले आणि दोन्ही केलं. गार्गी तर पोट धरून हसत होती. अप्पा मात्र हसले नाहीत. साठ वर्षांत त्यांच्या हातून एक केळं दवात राहिलं नव्हतं. दोन दिवसांनी आंबूस वास सुटला, पांढरी लव आली, आणि अख्खा घाणा माडाच्या आळ्यात पुरावा लागला. त्यांनी स्वतः काठीने माती ओढली. मग चिंबोरी आणून माझ्या हातात दिली. ‘‘ठेव कपाटात. तू म्हणत होतीस ते खरं. वाईटच वस्तू आहे.’’

जिंकले होते मी. इतक्या वर्षांचे निबंध माझ्या बाजूने उभे होते. पण हात पुढे करताना मला दिसलं की त्यांनी चिंबोरी उजव्या हाताने दिली होती. चार बोटांनी आणि अंगठ्याने धरून. त्यांच्या ते लक्षातही नव्हतं.

मी म्हटलं, ‘‘कपाटबिपाट काही नाही. आधी केळी टोपलीत, मग खेळ. गार्गीलाही तेच, तुम्हालाही तेच.’’ तोच नियम झाला. पुढचा महिनाभर पाच वाजल्यापासून अप्पा कुंपणापाशी उभे राहून मंदाताईंच्या नावाने गाव डोक्यावर घ्यायचे. मंदाताई म्हणायच्या, ‘‘अप्पा, ऊन आहे की अजून!’’ तर म्हणायचे, ‘‘तू ये गं, मला उशीर होतोय.’’

तिसरा घाणा गार्गीच्या शेवटच्या पेपरच्या दिवशी सहा उन्हांचा झाला. ती पेपर देऊन आली ती दप्तरासकट अंगणात. अप्पा मांडवाशी उभे होते. काठी त्यांनी डाव्या हातात घेतली. उजवा हात हळूहळू वर आला, थरथरत, आणि एका सुकेळ्यावर टेकला. अंगठा दाबला. डोळे मिटले. मंदाताई सोलायचं थांबल्या.

‘‘अजून एक ऊन,’’ अप्पा म्हणाले.

गार्गी आनंदाने किंचाळली. मी पदराने डोळे पुसत होते आणि मंदाताई मला ओरडत होत्या की शुभ वेळेला रडतेस काय. अप्पांनी मग गार्गीचा हात ओढला, तिचा अंगठा त्या केळ्यावर ठेवला, आणि वर आपला अंगठा ठेवून दाबला. ‘‘सोडू नको,’’ म्हणाले. ‘‘आत काय लागतं ते बघ. कडक नाही, मऊ नाही. ते परत वर येतं का, ते बघ.’’ पोरगी चिकट हाताचा कंटाळा विसरून पंधरा मिनिटं तशीच उभी होती.

पुढचं सगळं गोड झालं असं मात्र नाही. गार्गीला गणितात अपेक्षेपेक्षा बरेच कमी पडले. जे कॉलेज हवं होतं ते थोडक्यात हुकलं, आणि जुलैमध्ये ती दोन दिवस जेवली नाही. माझ्या मनात चिंबोरी येऊन गेली, खोटं कशाला बोलू. मी तिला विचारलंसुद्धा. ती म्हणाली, ‘‘मम्मी, भूमिती मला तशीपण येत नव्हती.’’ खरं असेल. नसेलही. ते तीन आठवडे तिने गणित सोडवलं असतं तर काय झालं असतं, हे मला कोणी सांगू शकत नाही. आणि अप्पांचा अंगठा चेंडूने आला असता का, हेही नाही. चेंडू तसाच खिडकीत उन्हाने फुटून गेला.

त्यानंतर चार मोसम अप्पांनी अंगठ्याने सांगितले. मग एका पावसाळ्यात गेले, शांतपणे, दुपारच्या झोपेत. चिंबोरी शोकेसमध्ये आहे. बटणावरचा रंग एकाच जागी उडालाय.

आज समोर वह्या आहेत. छत्तीस ‘शाप’ झाले. सदतिसावी वही तुळिंजच्या एका अबोल मुलीची. तिने लिहिलंय, ‘माझा मोठा भाऊ घरी कोणाशी बोलत नाही. फक्त गेम खेळताना माझ्याशी बोलतो. म्हणून मी हरते तरी खेळते.’ चार ओळी, दोन शुद्धलेखनाच्या चुका, म्हण नाही. त्या मार्चपूर्वी मी खाली लाल पेनाने लिहिलं असतं, ‘विषयाला धरून नाही.’ आज तसं लिहिलं नाही. चुका सुधारल्या, कारण ती माझी नोकरी आहे. मग नऊ गुण दिले आणि वही मिटली.

बाहेर फाटक वाजलं. गार्गी पुण्याहून शनिवार-रविवारपुरती आली आहे. नोकरी करते, हातात फोन, कानात काहीतरी, आणि खेळते अजून, सिल्व्हियाशीच. बॅग टाकली आणि थेट मागच्या अंगणात गेली. ‘‘मम्मी, किती झाली?’’

‘‘सहा उन्हं,’’ मी खिडकीतून म्हटलं. ‘‘गेल्या वर्षी तू आली नाहीस तर सगळी दगड झाली होती. मला नाही समजत बाई ते.’’

‘‘इकडे ये.’’

गेले. तिने माझा अंगठा धरून सुकेळ्यावर ठेवला. वर आपला ठेवला, उबदार, थोडा चिकट. पंचवीस वर्षं या घरात राहून ‘मला हे शिकवा’ असं मी कधी कोणाला म्हटलं नव्हतं.

‘‘दाब,’’ ती म्हणाली. ‘‘कळलं?’’

‘‘नाही.’’

‘‘परत दाब, मम्मी. सोडू नको.’’